मामांच्या त्या नारिंगी गोळ्या

परवा मामांकडे गेले तर चहाच्या कपाशेजारी नवी डबी. विचारलं, तर मामांनी फोनवर फिरत आलेला मेसेज दाखवला: ‘फ्री रॅडिकल शरीराचे शत्रू. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त. रोज गोळी घ्या, सर्दी होणार नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर घ्यावीच, फुफ्फुसं साफ राहतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ (फ्री रॅडिकल म्हणजे पेशींना इजा करू शकणारे फार क्रियाशील रेणू; अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्यं.) मामा चाळीस वर्षं सिगारेट ओढताहेत.

म्हणून आधी सिगारेटचंच वाक्य घेते. ते वाचून माझं डोकंच फिरलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर पाच ते आठ वर्षं चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, हे एक अँटिऑक्सिडंट, गाजराला रंग देणारं तेच द्रव्य. १९९४ साली निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली अशीच एक चाचणी तर २१ महिने आधीच थांबवावी लागली, तिथेही गोळी घेणाऱ्यांतच कर्करोग वाढत होता. मामांची डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. दुसऱ्याच ओळीत बीटा कॅरोटीन.

शत्रूची गोष्टही अर्धवट. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि त्यांना मारायला स्वतःच सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल आणि त्याच्याच जातकुळीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. काही मुलांच्या पेशींना जन्मापासूनच हे जमत नाही. त्यांना पुन्हापुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. मग ‘जितके जास्त तितके चांगले’ कुठून आलं?

सर्दीचं थोडं खरं आहे, मान्य करते. रोज सी जीवनसत्त्व (हेही अँटिऑक्सिडंटच) घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी आठ टक्के लवकर आटपते; पाच दिवसांच्या सर्दीत साधारण दहा तास. पण सर्दी व्हायची ती होतेच, आणि नाक वाहू लागल्यावर गोळी सुरू करून खात्रीचा फायदा दिसलेला नाही.

‘नैसर्गिक’बद्दल काय बोलायचं! गोळी कारखान्यातून येते.

गाजर, पेरू, आवळा खुशाल खा. फिनलंडच्या त्याच चाचणीत, सुरुवातीला ज्यांच्या जेवणातून बीटा कॅरोटीन जास्त जात होतं त्यांना कर्करोग कमी झाला होता. ताटातल्या गाजराला गोळीचा नियम लागू होत नाही.

डबी मी उचलून आणली आहे. मामा, ती परत मागू नका. सिगारेटचं रविवारी आल्यावर बोलू.