ऋषीची भाजी आणि तात्यांचं फरसाण

ऋषिपंचमी होऊन गेली, गणपती पोचले, तरी माझी खाज काही जात नाही. दोन प्रकारची आहे. बोटांना आहे ती अळूची. डोक्यात आहे ती तात्यांची.

आमचा गणपती दीड दिवसाचा. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक असल्यामुळे ज्यांना आम्ही बोलावलेलं असतं ते येतात, आणि ज्यांना विसरलेलो असतो ते आधी येतात. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. त्या दिवशी गर्दी आपोआप ओसरते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही हा त्या दिवसाचा नियम, म्हणजे गहू नाही, तांदूळ नाही, डाळ नाही. अळू, माठ, अंबाडी, सुरण, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, कच्चं केळं, मक्याची कणसं, ओले शेंगदाणे असं सगळं एका पातेल्यात. वरून ओलं खोबरं, हिरवी मिरची, आमसूल, मीठ. सोबत वरीचा भात आणि दही. फोडणी नाही, मसाला नाही.

आता फोडणी नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं की काम नाही. नुसतं चिरायचं आणि शिजवायचं! या लोकांना एकदा अळूच्या देठांसमोर बसवलं पाहिजे. टोकाला सुरी लावून साल खाली ओढायची, ती अर्ध्यात तुटते, मग उलट्या बाजूने ओढायची. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. चिंच-आमसुलाने खाज कमी होते असं आई म्हणते. आईने स्वतः अळू सोलणं सोडल्यापासून तिचा या उपायावरचा विश्वास फार वाढलाय. ती खुर्चीत बसून एवढंच सांगते, "देठ टाकू नकोस हो, देठातच खरी भाजी आहे." माठाचे जून देठ, अंबाडीची पानं, आणि ते कणीस! कणसाचे गोल तुकडे करायला सुरी चालत नाही, जोर लावावा लागतो. मी जोर लावला की खालच्या मजल्यावरून फोन येतो.

तर सकाळ त्यात गेली, आणि तात्या आले.

तात्या म्हणजे बायकोच्या मावसबहिणीचे सासरे. नातं ऐकायला लांबचं आहे, पण तात्या ते चालत येऊन जवळ करतात. आयुष्यभर ऑडिटमध्ये नोकरी केली. "नुसतं दर्शन घेऊन निघतो" म्हणाले, आणि आरती झाल्यावर पाटाच्या शेजारची भिंत बघून टेकून बसले. हिने पान वाढलं. तात्यांनी चष्मा पुसला, भाजीत चमचा फिरवला आणि एक पिवळा तुकडा वर काढला.

"हे काय, मका?"

"हो तात्या."

"मका बैलाचा."

"अहो, ऋषीच्या भाजीत कणीस असतंच."

"असतं म्हणून चालतं असं नाही. पुढे. शेंगदाणे?"

"ओल्या शेंगांचे आहेत."

"ओल्या असोत नाहीतर वाळक्या. नांगरट केल्याशिवाय भुईमूग लागतो का?" शेंगदाणे ताटाच्या कडेला गेले. बाद खर्च.

आईला राहवलं नाही. "भेंडी आमच्या कुंडीतली आहे हो."

"कुंडीतली माती?"

"नर्सरीतून आणली."

"आणि नर्सरीवाल्याने कुठून आणली?"

आई गप्प. मी तिला आयुष्यात फार कमी वेळा गप्प झालेलं पाहिलंय. तात्यांनी मग वरीकडे मोर्चा वळवला. "आणि हा भात. इगतपुरीकडच्या डोंगरात जाऊन बघा एकदा. चढावर बैल नांगर ओढतो तेव्हा वरई येते."

हे खरं आहे, आणि तोच तर त्रास आहे. तात्या खोटं बोलत नाहीत. आमचा भाचा मदतीला धावला. "आजोबा, आता सगळीकडे ट्रॅक्टरच असतो."

तात्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे गहू ट्रॅक्टरचा," तात्या म्हणाले. "मग पोळ्या का नाही केल्या?"

याला उत्तर नाही. मी दोन दिवस विचार करतोय, अजून नाही. तरी मी शेवटचा प्रयत्न म्हणून इतिहासात शिरलो. म्हटलं, तात्या, तुम्ही बैलाचं काय घेऊन बसलात, मका, भोपळा, मिरची, भुईमूग हे सगळं अमेरिकेतलं. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे गेला, त्यानंतर कधीतरी हे जहाजातून आपल्याकडे आलं. वसिष्ठांनी, अत्रींनी यातलं काही डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नसेल.

"म्हणजे ऋषींच्या नावाने तुम्ही परदेशी माल घातलात," तात्या म्हणाले, आणि भोपळाही कडेला सरकवला.

आता या बैलाची गोष्ट. आदल्याच अमावास्येला, पोळ्याला, त्याला पुरणपोळी मिळालेली असते. पाच दिवसांत पंचमीला आपण त्याचं श्रेयच नाकारतो. पण कहाणीत तो बैल कोण आहे? आटपाट नगरातला ब्राह्मण. त्याची बायको विटाळशी असताना घरात वावरली, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, तो बैल झाला, आणि दोघं आपल्याच मुलाच्या दारात येऊन राहिले. श्राद्धाच्या दिवशी खिरीत साप गरळ टाकून गेला. कुत्रीने ते पाहिलं. ब्राह्मण मरतील म्हणून तिने पातेल्याला तोंड लावलं, तर सुनेने जळतं कोलीत घेऊन तिच्या कमरेत घातलं आणि दिवसभर उपाशी ठेवलं. लहानपणी मला त्यातल्या सापाची भीती वाटायची. आता चीड येते. अख्खी पंगत वाचवली त्या बाईने, आणि मिळालं काय, तर कोलीत. बरं, ही शिक्षा मुळात कशाची, तर पाळी आली असताना ती स्वयंपाकघरात शिरली याची. आणि प्रायश्चित्त म्हणून उपास कोणी करायचा, आघाड्याच्या काड्यांनी दात कोणी घासायचे? पुन्हा बायकांनीच. आईने हे व्रत वर्षानुवर्षं केलं. हिने लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सांगितलं, भाजी करू, व्रत नाही. आई म्हणाली, "बरं झालं, माझीही सुटका." व्रत सुटलं, भाजी राहिली, आणि चिरण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते मान्य आहे. फक्त कोलीत नको.

हे सगळं मी मनात म्हणत होतो, तेवढ्यात तात्यांनी झब्ब्याच्या खिशात हात घातला. मला वाटलं रुमाल. निघाली प्लॅस्टिकची पिशवी. तिला लावलेलं रबरबँड त्यांनी काढलं, हरवू नये म्हणून मनगटात घातलं, आणि पिशवी भाजीवर उलटी केली. फरसाण! शेव, पापडी, गाठी, मध्येमध्ये मसाल्याचे शेंगदाणे. कडेला काढलेले शेंगदाणेही त्यांनी चमच्याने परत आत ओढले.

"तात्या, डाळीचं पीठ आहे ते," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा.

"हरभरा तर शंभर टक्के बैलाचा," आई म्हणाली.

"वहिनी, फरसाण मशीनवर पडतं," तात्या म्हणाले आणि जेवायला लागले. मग भाच्याकडे पिशवी पुढे केली. "घे रे."

भाच्याने घेतलं. "मिसळ!" म्हणून ओरडला. मग त्याच्या बहिणीने घेतलं, मेव्हण्याने घेतलं, शेजारच्या काकूंनी "बघू हो कसं लागतं" म्हणत घेतलं. हिनेही चिमूटभर घेतलं. हे मी लक्षात ठेवलं आहे.

त्यानंतर पंगतीत फक्त फरसाणाची चर्चा. कुठल्या दुकानातलं? ताजं कधी निघतं? तेलकट नाहीये ना? पापडीत ओवा घातलाय का? मेव्हण्याने दुकानाचं लोकेशन मागून घेतलं. भाजीबद्दल एकच प्रश्न आला, तोही शेजारच्या काकूंचा. "फोडणी राहिली का हो गडबडीत?" आणि तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "भाजी बरी झालीय. फक्त तिला वर काहीतरी लागतं."

पातेलं जवळजवळ संपलं. विसर्जनाला निघायच्या वेळी तात्या ओट्यापाशी आले. तात्यांच्या बायकोचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या घरीच होत्या. "तिचा आज उपास असतो. थोडी भाजी द्या तिच्यासाठी." हिने आईच्या लग्नातला स्टीलचा कडीचा डबा काढला, बुडाशी आजोबांचं नाव कोरलेला. भाजी भरली. मी मुद्दाम विचारलं, "फरसाण घालू का वरून?"

"छे छे," तात्या दचकून म्हणाले. "तिला कसं चालेल? बैलाचं असतं ते."

डबा अजून आलेला नाही. आई रोज विचारते. काल हिने शेवटी फोन केला, तर तात्या म्हणाले, घासून केव्हाचा ठेवलाय, पण रिकामा डबा परत करू नये म्हणतात, तेव्हा फरसाण भरून पाठवतो.