पोरगी खेळायची थांबली की सगळे निर्धास्त!

डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय. परवा शाळेच्या पालकसभेत मुलींच्या कबड्डी संघाचा विषय निघाला. सातवीनंतर पोरीच मिळत नाहीत म्हणे. एक गृहस्थ उठून म्हणाले, "या वयात मुलींना खेळाची आवडच राहत नाही हो." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या!

आवड राहत नाही? याच पोरी पाचवीत खो-खो खेळून गुडघे फोडून घरी यायच्या. दोन वर्षांत आवड काय हवेत विरली?

माझ्या घरात मुलगी आठवीत, मुलगा सातवीत. शाळा एकच, साडेपाचला सुटते. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आणि "दिवेलागणीच्या आत घरात" हा नियम फक्त तिला. व्हॅनमधून उतरून, दप्तर टाकून, दोन घास खाऊन तिने खेळायचं कधी? तिचा भाऊ साडेसातला घामाघूम होऊन येतो, तेव्हा आजी विचारते, "भूक लागली का रे बाळा?" ती सव्वासहाला आली तर, "कुठे होतीस?"

बरं, बाहेर पडायच्या आधी तिच्याच वाट्याला कपड्यांच्या घड्या, कोथिंबीर निवडणं आणि पाहुणे आले तर चहाचा ट्रे. "एवढी घोडी झालीस, उड्या काय मारतेस", "उन्हात काळी पडशील", "हात मोडून घेतलास तर पुढे कसं व्हायचं" हे येताजाता चालूच. हात मुलाचाही मोडला होता मागच्या वर्षी. प्लास्टरवर सगळ्या मित्रांनी सह्या केल्या, कौतुक झालं.

मैदानाची तऱ्हा ऐका. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन कुठे ते देव जाणे. मुलगे भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. पोरी दुपारपासून पाणीच पीत नाहीत. त्यात पीटीचा गणवेश पांढराशुभ्र! पाळी सुरू असलेल्या मुलीला पांढऱ्या पँटमध्ये धावायला लावणारं डोकं कुणाचं, मला एकदा भेटायचंय त्याला. सर पुरुष, त्यांना सांगणार कोण? मग "पोट दुखतंय", मग कट्ट्यावर बसणं, आणि वर्षभराने शेरा तयार: आवड नाही.

मुलांचं सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. माझ्या पोराच्या वर्गातले निम्मे क्लासला कोंबलेले, उरलेले मोबाइलवर. मैदानावर गेले तर कॉलेजची पोरं हाकलून लावतात. जाड्या मुलाला तर कुणी संघात घेत नाही, घेतलं तर चेंडू आणायला. लाइटवाला टर्फ आहे जवळच, पण त्याचं तासाचं भाडं ऐकून मी गप्प बसले. संध्याकाळभर तिथे ऑफिसवाले खेळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आकडे मांडले होते: 11 ते 17 वयाची जगातले 78 टक्के मुलगे आणि 85 टक्के मुली रोजच्या 60 मिनिटांएवढीही हालचाल करत नाहीत. म्हणजे मुलगेही काही दिवे लावत नाहीयेत.

पण मुलगा खेळत नाही म्हटल्यावर घरात धावपळ होते. बाप नवे बूट आणतो, उन्हाळी शिबिराची चौकशी होते, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हे अचानक आठवतं. आजी म्हणते, "पोर घरकोंबडं झालंय." आणि मुलगी खेळायची थांबली की? "शहाणी झाली हो आता." तिची अडचण कुणाला अडचण वाटतच नाही, सगळ्यांची सोय होते ना!

संताप कशाचा येतो सांगू? 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या सोसायटीत मध्यरात्री फटाके वाजले. स्मृती मानधना आपल्या सांगलीची म्हणून सगळ्यांच्या स्टेटसला तिचा फोटो. आठवडाभरात त्याच सोसायटीतल्या एका काकांनी बॅट घेऊन खाली उतरलेल्या माझ्या मुलीला ऐकवलं, "मुलांच्यात काय खेळतेस, वरती जा." फोटो तेव्हाही स्टेटसला होता त्यांच्या!

आणि "काळजीपोटी बोलतो" हे तर मला अजिबात ऐकवू नका. रस्ता अंधारा आहे ना? मग दिवा लावा. मैदानावर टवाळ पोरं बसतात ना? त्यांना उठवा. पोरीला घरात बसवणं फुकट पडतं, म्हणून तेच सुचतं सगळ्यांना.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विषयपत्रिकेवर पार्किंगचे पट्टे आहेत, तेही नेमके मुलं खेळतात त्या जागेवर. मी जाणार आहे. मागच्या मोकळ्या जागेला दोन फ्लडलाइट आणि क्लबहाउसच्या टॉयलेटची किल्ली संध्याकाळी उघड्यावर टांगलेली, एवढं लिहून घेतल्याशिवाय पट्ट्यांच्या ठरावावर सही करणार नाही. काकांनाही समोरच बसवा.