जानुस म्हणजे गणपती नव्हे

‘रोमन देव जानुस म्हणजे आपला गणेशच, म्हणून जानेवारी हा गणेशाचा महिना’ हा फॉरवर्ड आता माझ्या भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरलाय. आता गप्प बसवत नाही.

‘गणेश’चा अपभ्रंश होऊन ‘जानुस’ झाला म्हणे. रोमन लोक त्याला ‘यानुस’ म्हणायचे. ‘ज’ फार नंतरचा. मग यात ‘ग’ कुठून आणायचा? त्यांच्या लॅटिन भाषेत ‘यानुआ’ म्हणजे दार. सिसेरो या रोमन लेखकाने हे नाव ‘जाणे’ या क्रियापदाशी जोडलं होतं. आजचे भाषाभ्यासकही ते ‘जाणे’ अर्थाच्या ज्या मुळाशी नेतात, तेच संस्कृतात ‘या’ धातू म्हणून आहे. ‘यान’, ‘प्रयाण’ त्यातलेच. संस्कृतशी नातं आहे, पण ते चुलत भावंडांचं. गणांचा ईश तो गणेश. त्याचा या दाराशी संबंध नाही.

सगळ्यात संताप येतो तो फॉरवर्डमधल्या रोमन नाण्याच्या फोटोचा. एका बाजूला दोन तोंडं, ‘त्यातलं एक झिजलेलं हत्तीचं’, आणि मागच्या बाजूला ‘सोंड’! अहो, दोन्ही चेहरे दाढीवाल्या माणसाचे आहेत, एक पुढे बघणारा, एक मागे. आणि ती सोंड म्हणजे जहाजाचा पुढचा भाग. मॅक्रोबियस हा रोमन लेखक लिहितो की नाणं उडवताना मुलं ‘डोकी की जहाजं’ असं ओरडायची. त्या मुलांना दिसलेलं जहाज आपल्याला दिसू नये?

प्रार्थनेत जानुसचं नाव आधी घेत, हे मात्र खरं. पण का, ते ओव्हिड या रोमन कवीच्या काव्यात जानुस स्वतःच सांगतो: उंबरठा मी राखतो, इतर देवांकडे जायचं ते माझ्यातून. विघ्नहर्ता म्हणून नव्हे, दारावरचा म्हणून.

‘इंग्रजांनी हे दडपलं’ तर साफ खोटं. जानुस आणि गणेश यांची तुलना विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रजानेच केली, आणि ती १७८८ साली कलकत्त्यात छापलीसुद्धा गेली. त्याला साम्य दिसलं, त्याने लिहिलं. पण अशी नावं ताडून पाहायला लागणारे शब्दांच्या ध्वनिबदलाचे नियम अभ्यासकांनी बसवले ते त्याच्यानंतर.

महिन्याला नाव जानुसवरून मिळालं, तेवढं बरोबर. भाचीने भाषणात तेवढंच ठेवावं, आणि ते नाणं दाखवावं.