आम्ही अर्धवट सोडत नाही, आम्हाला अर्धवट उठवलं जातं

"हाती घेतलेलं तडीस न्यायला शीक जरा." हे पुन्हा कोणी ऐकवलं ना, तर कात्री, सुकलेली गोंदाची बाटली आणि भिंतीवरची अर्धी कालरेषा त्याच्याच हातात देणार आहे. घ्या, न्या तडीस!

होमस्कूलिंग करणाऱ्या आईला आरंभशूर म्हणणं फार सोपं असतं, कारण पुरावे समोरच टांगलेले असतात. ऑफिसातल्या रखडलेल्या फायली कपाटात जातात. आमचं सगळं बैठकीच्या खोलीत. कालरेषा अश्मयुगातून मोठ्या उत्साहात निघाली आणि गुटेनबर्गच्या छापखान्यापाशी येऊन बसली. रोपाच्या वाढीची नोंदवही चार सेंटिमीटरवर थांबलीय, रोप मात्र कधीच खिडकीबाहेर पोचलंय. येणारा जाणारा बघतो आणि मान हलवतो. शाळेत पुस्तकातले शेवटचे धडे घाईघाईत उरकले तरी "पोर्शन संपला" म्हणतात आणि सगळे खूश असतात. आमच्या घरी एक प्रकरण राहिलं की थेट आईच्या स्वभावाचं पोस्टमॉर्टेम!

पण ही कामं अर्धवट राहतात कशी, ते कधी कोणी पाहिलंय का? नऊशे बावन्न भागिले सात. नवात सात एकदा, उरले दोन. वरून पाच घेतले, पंचवीस. सात त्रिक एकवीस, उरले चार. पोराची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलीय, म्हणजे डोकं खरंच चालतंय. आता दोन खाली घ्यायचे, बेचाळीस करायचे, सात सक बेचाळीस, की संपलंच. आणि नेमका तेव्हाच फोन. "अगं, तू घरीच असतेस ना, मग जरा माझं एवढं..." नाही उचलला तर पुन्हा वाजतो, मग दारावरची बेल. दोन मिनिटांचं काम असतं म्हणे. परत येऊन बघावं तर पोरगं पेन्सिलीला टोक काढतंय, आणि तो चार कुठून आला हे त्यालाही आठवत नाही. करा पुन्हा नवापासून सुरुवात.

आणि मग संध्याकाळी तीच मंडळी विचारतात, "अजून भागाकारच चाललाय?"

वर मानसशास्त्राचे डोस. अपूर्ण कामं डोक्यात घोळत राहतात, म्हणून कामं संपवावीत, असं सांगताना ब्लूमा झायगार्निकचं नाव हमखास घेतात. तिचा तो 1927 सालचा अभ्यास. बरं, त्यात नेमकं काय केलं होतं? लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. थांबवली! लोकांनी आळसाने सोडली नव्हती, प्रयोग करणाऱ्यांनी त्यांना उठवलं होतं. पुढच्याच वर्षी मारिया ओव्हसियानकिनाने दाखवलं की अशी तोडलेली कामं, मोकळा वेळ मिळताच, बहुतेक माणसं आपण होऊन परत हातात घेतात. कोणी सांगावं लागत नाही, बक्षीस लागत नाही. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात हा भाग नंतरच्या अभ्यासांत डळमळला. परत कामाकडे वळण्याचा भाग टिकला. म्हणजे चिकाटी आहे हो आमच्याकडे. मोकळा वेळ तेवढा द्या.

या विषयातला सगळ्यात मोठा दुटप्पीपणा तर मॉन्टेसरीच्या नावाने चालतो. मूल कामात रमलं असेल तर त्याला हाक मारू नका, तीन तासांचा अखंड वेळ द्या, हे सगळ्यांना पाठ. मारिया मॉन्टेसरीने लाकडी दट्टे खाचांत बसवणारी एक चिमुरडी पाहिली होती, इतकी गुंग की खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवली तरी तिचं काम चालूच. हा किस्सा ऐकून सगळ्यांचे डोळे भरून येतात. आणि त्याच मुलाच्या आईला? तिला दर दहा मिनिटांनी कोणीही, कशासाठीही खुर्चीवरून उठवावं. तिची एकाग्रता म्हणजे जणू धर्मशाळा, कोणीही यावं आणि पथारी पसरावी.

बाकी राहिले प्लॅनरवाले. रंगीत चौकोन, स्टिकर, आठवड्याची उद्दिष्टं. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच सांगून ठेवलंय की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील म्हटलं, लागले 55. आणि त्यांच्या मांडीवर बहुतेक कोणी बसलेलं नव्हतं.

म्हणून मी आता शेवट करायला शिकतेय, पण माझ्या पद्धतीने. गणित चालू असताना फोन खणात. दार वाजलं तर वाजू दे. नातेवाईकांत "फार शिष्ट झालीय" अशी चर्चा आहे, चालेल. एक वही बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही, भले ती कितीही गोड दिसो. आणि जे पुस्तक आमच्या कामाचं नाही ते सरळ कपाटातून काढून देऊन टाकायचं. ते "राहिलेलं" नाही, ते रद्द झालेलं आहे. रद्द करणं हाही शेवटच असतो, पण हे सांगितलं की लोक असं बघतात जणू मी पोराला अडाणी ठेवायची शपथ घेतलीय.

एवढं सगळं कालच एकीला समजावून सांगितलं. मान डोलावत ऐकलं तिने. आणि रात्री मेसेज, "एक भारी ऑनलाइन कोर्स आलाय, एकदम फुकट, लगेच सुरू कर!"

फुकट? त्याला लागणारे तास तुझ्या दिवसातून देणारेस का? नको. मला लिंक पाठवू नकोस.