अर्धं दिसेना म्हणून मान मोडू नका

हा मेसेज भावकीच्या ग्रुपवरून थेट आत्त्यापर्यंत पोचला, म्हणून लिहितो. त्यातले दावे असे: नजरेचं केंद्र डोक्याच्या मागे असतं, अचानक अर्धं दिसेना झालं तर तिथं कोमट तेल चोळा, मान दोन्हीकडे कडाकडा मोडा, तीन दिवस थांबा, तोंड वाकडं नसेल तर पॅरालिसिसचा झटका नव्हे, आणि डोळे नॉर्मल निघाले तर माणूस सोंग करतोय.

केंद्र मागे असतं, एवढं खरं. रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची नजर तपासून तात्सुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञानं १९०९ मध्ये त्याचा नकाशा मांडला. मेंदूच्या अगदी मागच्या भागाला ऑक्सिपिटल लोब म्हणतात, उजवा आणि डावा असे दोन. उजव्यात दोन्ही डोळ्यांपुढची डावी बाजू उमटते, डाव्यात उजवी. ऐन समोरचं दृश्य लोबच्या मागच्या टोकाला, आणि त्याला जागा सगळ्यात जास्त. म्हणजे उजवा लोब निकामी झाला, तर कोल्हापूरच्या दसरा चौकात डावीकडून येणारी केएमटी बस दोन्ही डोळे उघडे असूनही दिसायची नाही. कवटीवर चोळलेलं तेल तिथं पोचत नाही.

मान मोडायचा सल्ला मात्र घातक आहे. या लोबला रक्त मुख्यतः ज्या धमनीतून मिळतं, तिचा उगम बहुतेकांत मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन धमन्यांत असतो. हिसक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं. मग तिथं गुठळी होते, वर सरकते आणि नेमकी हीच वाट बंद करते. हे क्वचित घडतं, पण ज्या झटक्यावर उपाय म्हणून मान मोडली तोच झटका ओढवून घ्यायचा?

तीन दिवस? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. तोंड आणि हात हलवणारा भाग मेंदूत बराच पुढे असतो; मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात तोंड सरळच राहू शकतं.

सोंगाचं म्हणाल, तर उजेडात बाहुली आकसते ती मेंदूच्या मध्यभागातल्या केंद्रामुळे, ऑक्सिपिटल लोबमुळे नव्हे. दोन्ही लोब गेले तरी बाहुल्या आणि डोळ्याचा पडदा नॉर्मल असू शकतात. काही रुग्ण तर आंधळे होऊनही 'मला दिसतंय' म्हणून ठामपणे सांगतात. त्याला अँटन सिंड्रोम म्हणतात.

घरी एवढंच बघा: एक डोळा झाकून समोरच्याच्या नाकाकडे बघायला सांगा, वर-खाली दोन्ही बाजूंना बोटं हलवा, मग दुसरा डोळा झाकून तेच. दोन्ही वेळा त्याच बाजूची (डावी तर डावी, उजवी तर उजवी) बोटं दिसत नसतील, तर बिघाड मेंदूत. चाचणी नीट जमली नाही तरी थांबू नका: शेवटचं नीट कधी दिसत होतं ती वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा.