टाइमपास म्हणे!

काल संध्याकाळी जुन्या हिंदी गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेले होते. कुठला ते लिहीत नाही, आयोजक ओळखीचे आहेत आणि मध्यंतरातले वडे खरंच चांगले होते. गायक बरे, वादक तर फारच बरे. पण निवेदक! 'ये जिंदगी उसी की है' झालं, लोकांनी रुमाल काढले, ह्या गृहस्थाने डोळे मिटून विरह, समर्पण, भीमपलास राग वगैरे सगळं पाल्हाळ लावलं आणि मग एकदम आवाज बदलून म्हणतो, "चला, आता जरा टाइमपास करूया, मग परत दर्जेदार गाण्यांकडे वळू." टाइमपास म्हणून काय, तर 'शोला जो भडके'.

अरे बाबा, दोन्ही एकाच माणसाची आहेत ना! संगीतकार सी. रामचंद्र. 'शोला' ज्यात आहे तो 'अलबेला' १९५१ चा, 'ये जिंदगी' ज्यात आहे तो 'अनारकली' १९५३ चा. म्हणजे काय, एक्कावन साली माणूस टवाळ होता आणि दोन वर्षांत एकदम दर्जेदार झाला? पेटी तीच, बोटं तीच, समोर गाणारी लताही तीच.

घरी येऊन जेवले, झोपायचा प्रयत्न केला, नाही आली झोप. म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे सरका.

माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ, वाजवायचा. आजोळ नगर जिल्ह्यातलं. पावसाळ्यात सुपाऱ्या नसायच्या तेव्हा बँडची तालीम पडवीत चालायची आणि आम्ही पोरं कोपऱ्यात बसून ऐकायचो. मामा पिस्टन काढून पुसायचा, तेल द्यायचा, ओठाला साय चोळायचा आणि मग सुरू. 'धीरे से आजा री अँखियन में' तो पहिल्या फटक्यात वाजवायचा, तेही 'अलबेला'मधलंच, अंगाई. पण 'शोला जो भडके' आलं की मास्तर थांबवायचे. परत. परत. परत. कारण त्यात तुकडे छोटे छोटे आहेत, सूर लावला की लगेच सोडायचा आणि सोडला की पुढचा वेळेवर हजर पाहिजे, दम घ्यायला जागाच नाही. मामा म्हणायचा, संथ गाण्यात चुकलं तर सूर जरा लांबवायचा, कुणाला कळत नाही, इथे चुकलं की घोड्यालासुद्धा कळतं.

आता ह्याला कुणी टाइमपास म्हणालं तर माझं डोकं फिरणारच.

आणि त्या गाण्यात वाजतंय काय काय ते नीट ऐका एकदा, मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. १९५१ साली! मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळी सी. रामचंद्रांनी स्टुडिओत आणली. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, त्याला आपला सहायक केलं. 'दीवाना परवाना' गाण्यात तर तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. आपण त्या गाण्यात 'अलबेला'चे हिरो भगवानदादा बघतो आणि मागचे विसरतो. मी पण तेच करायचे. 'ईना मीना डीका'मध्ये मधेच जे 'माका नाका' येतं ना, ते कोकणीतलं आहे, गोंयकार सहायकाच्या तोंडून आलेलं असं सांगतात. मला तर ते ऐकताना दर वेळी हसू येतं, अख्खा देश नाचतोय आणि गाणं म्हणतंय 'मला नको'.

बरं हा माणूस काही सूर-ताल न शिकता आलेला नव्हता. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला. 'नागानंद' नावाच्या सिनेमात हिरो झाला, तो सिनेमा आपटला, मग मिनर्वा फिल्म कंपनीत पेटी वाजवत बसला, मग सुरुवातीचे सिनेमे तमिळ, मग भगवानदादांचा 'सुखी जीवन' १९४२ ला. हिरोचा वाजंत्री झाला आणि तिथून वर आला. स्वतः गायचा तेव्हा नाव लावायचा नुसतं चितळकर. 'मेरे पिया गए रंगून' मधला टेलिफोनवरचा पुरुषाचा आवाज कुणाचा? चितळकर. 'शोला जो भडके', 'भोली सूरत', 'शाम ढले खिडकी तले' मध्ये लताबरोबर कोण? चितळकर. आवाज काही ग्रेट नाही, मान्य. पण शेजारचा मुलगा गॅलरीत उभा राहून गातोय असं वाटतं आणि भगवानदादांच्या तोंडी तोच आवाज पाहिजे होता, रफीसाहेबांचा नव्हे.

सी. रामचंद्रांचा जन्म पुणतांब्याचा. लोक तिथे चांगदेवाच्या समाधीला जातात. आमची गाडी पुणतांब्याला थांबली की मामा खिडकीतून बाहेर बघत हमखास म्हणायचा, "अण्णांचं गाव." जणू काही सख्खे शेजारी. आयुष्यात कधी भेट नाही, पण अण्णाच.

त्या मामाचाच एक किस्सा सांगते, म्हणजे मी एवढी का चिडलेय ते कळेल. एका वरातीत बँडने 'भोली सूरत' लावलं. पोरं भगवानदादांसारखी खांदे उडवत नाचत होती. (ती स्टेप आजही गणपतीत आणि वरातीत जिवंत आहे, कुठल्या कोरिओग्राफरला हे जमलंय सांगा.) नवऱ्याचा कोणीतरी काका पुढे आला, टोपी, कोट, मोठा माणूस, आणि सगळ्यांसमोर बँडवाल्यांना म्हणाला, हे काय थिल्लर लावलंय, काही चांगलं येतं का नाही तुम्हाला? मास्तर घाबरले. मामाने काय करावं? कॉर्नेट उचलून 'जाग दर्द-ए-इश्क जाग' लावलं, बागेश्री, भर रस्त्यात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. काका खूश. "हां, हे बरं आहे, हे कोणाचं?" मामा म्हणाला, "साहेब, त्याच माणसाचं." काका काही बोलला नाही म्हणे. दहाची नोट मात्र दिली.

हे काका लोक संपलेले नाहीत. काल माइकवर उभे होते.

आणि हे काही आजचं नाही. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी गृहस्थ, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, का तर अभिरुची बिघडते. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. केसकरांमुळे शास्त्रीय गाणं घराघरात ऐकू आलं हे खरं आहे, ते श्रेय देऊन टाकते, विषय संपला. पण हसवणारं, नाचवणारं ते हलकं आणि रडवणारं ते भारी, ही जी आपली सवय आहे ना, ती कुठल्या रागदारीतून आलेली नाही, ती आपल्या मानेतल्या ताठ्यातून आलीय.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच आहे की ताई, सी. रामचंद्रांनी इंग्रजी चाली उचलल्या. उचलल्या काही, हो. 'हाऊस ऑफ बांबू' कुठून आलं मलाही माहितीये. पण ते गाणं त्याच 'घरकुल'मध्ये होतं ना, १९७० चा, ज्यात सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे' आहे, आणि 'पप्पा सांगा कुणाचे'ही आहे. एका सिनेमात! 'मलमली' मध्ये आशाबाई एकेक शब्द असा सोडतात की अंगावर रेशमी कापड सरकावं, आणि 'पप्पा सांगा' तर आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने बापाच्या मांडीवर ऐकलंय. ह्यातलं दर्जेदार कुठलं आणि टाइमपास कुठलं, लावा बरं चिठ्ठ्या.

साठनंतर अण्णांचं काम कमी झालं, नवे लोक आले, तेही खरं. पण तेवढ्यात १९६३ चा २७ जानेवारी येतो. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, समोर नेहरू, कवी प्रदीप यांचे शब्द, लताचा आवाज, 'ऐ मेरे वतन के लोगों'. तेव्हापासून सव्वीस जानेवारीला प्रत्येक सोसायटीत ते गाणं लागतं आणि लावणाऱ्याला वाटतं संगीतही बहुतेक प्रदीपचंच असेल. ते जाऊ दे. मला दुसरंच म्हणायचंय. त्या गाण्याची चाल बघा किती साधी आहे, कुठे ताना नाहीत, कसरत नाही, चौथीतलं पोरगं म्हणू शकतं आणि म्हणतंच. हा साधेपणा कुठून आला असेल? दहा-पंधरा वर्षं ज्याने रस्त्यावरच्या माणसाला एका ऐकण्यात गुणगुणता येईल अशी गाणी केली, 'आना मेरी जान संडे के संडे' केलं, त्यालाच ते जमलं. मला तरी असंच वाटतं. पंडित लोकांनी ह्यावर वाद घालावा, मी वाद घालायला बसलेली नाही, मी चिडायला बसलेय.

खरं सांगायचं तर आता तेवढी चिडही राहिली नाही. टाइप करता करता मागे अण्णांच्याच 'आझाद'ची गाणी लावली होती. आणि काल एक गोष्ट झाली ती सांगायची राहिलीच. निवेदकाने टाइमपास म्हटल्यावर 'शोला' सुरू झालं, तर माझ्या शेजारच्या आजी, पंच्याहत्तरीच्या तरी असतील, गुडघ्याला पट्टा बांधलेला, त्या खुर्चीत बसून दोन्ही खांद्यांनी नाचत होत्या. आणि ट्रंपेटवाला पोरगा, विशीतला असेल, त्याने तो अवघड तुकडा असा स्वच्छ काढला की मी ओरडले, खरंच ओरडले, लोकांनी वळून पाहिलं. नंतर विंगेत जाऊन त्याला विचारलं किती दिवस बसवलं? म्हणाला, "मॅडम, अनारकली एका बैठकीत बसलं, ह्याने तीन आठवडे घेतले." निवेदक महाशय तिथेच चहा पीत उभे होते. ऐकलं असेल अशी आशा आहे.

आमच्या जुन्या गाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त अभिजात' असा नियम आहे. उद्या सकाळी 'राधा ना बोले' आणि 'अपलम चपलम' एकामागोमाग टाकतेय, दोन्ही 'आझाद'ची, दोन्ही १९५५ ची. ॲडमिननी काय काढायचं ते काढावं.