हेरगिरी करा, पण हाताच्या अंतरावरून

हातात मावणारा फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे जवळच्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी आकड्यात दाखवणारं यंत्र, घेतलात? अभिनंदन. खोक्यावर 'रेंज ३ गिगाहर्ट्झ' छापलंय ती फ्रिक्वेन्सीची रेंज आहे, अंतराची नव्हे. पण शेजाऱ्यांना कशाला सांगायचं? त्यांना मैलच वाटू द्यात.

पहिली चाचणी गच्चीवर घ्या. उंचावरून लांबचं सापडतं, हे कुणीही सांगेल. मुंबईत असाल तर स्क्रीनवर आकडे नुसते नाचू लागतील. या यंत्राला रेडिओसारखं एक स्टेशन निवडता येत नाही. अँटेनातून येईल ते सगळं ते आत घेतं आणि त्यात जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो त्याचेच हेलकावे मोजतं. दोन-तीन एफएम केंद्रं सारख्याच जोराची असली, तर कुठल्याच केंद्राचा नसलेला आकडा दाखवतं. तो डायरीत तारीख-वेळेसह टिपून ठेवा. पुरावा आहे तो.

आता अँटेना. दांडी पूर्ण ओढा, रुबाब दिसला पाहिजे. खरं तर पाव तरंगलांबी, म्हणजे एका लहरीच्या लांबीचा चौथा भाग हवा: ७५ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. १४५ मेगाहर्ट्झला ५२ सेंटिमीटर, ४३३ ला जेमतेम १७. म्हणजे फ्रिक्वेन्सी शोधायला दांडी किती ओढायची, हे फ्रिक्वेन्सी माहीत असल्याशिवाय कळत नाही. यावर फार विचार करू नका. मी एक रविवार घालवलाय.

चोरटा ट्रान्समीटर शोधायचा असेल, तर तो लावणाऱ्याला आधी विनंती करा की बाबा रे, ५ वॅटचा लाव. तसला वॉकी-टॉकी मोकळ्या जागेत पन्नासेक मीटरवरूनही सापडेल. ५ मिलिवॅटचा असला तर ताकद हजारपट कमी, अंतर सुमारे ३२ पट कमी. म्हणजे दीड मीटर. तेवढ्या अंतरावरून तो डोळ्यांनाही दिसतो म्हणा.

ब्लूटूथच्या नादी लागू नका. ते सेकंदाला १६०० वेळा एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारतं, तुमची ०.१ सेकंदाची एक मोजणी होईतो १६० उड्या मारून झालेल्या असतात. मेमरी कार्डावर गुपचूप चित्रण करणारा कॅमेरा तर लहरीच सोडत नाही, त्यामुळे काउंटर गप्प राहतो आणि तुम्हाला शांत झोप लागते. पैसे वसूल.

हॉटेलच्या खोलीत मात्र आकडा आला रे आला की लगेच मॅनेजरला वर बोलवा. त्याआधी खिशातला मोबाइल तेवढा बंद करा. मी केला नव्हता.